कोरा गट

पनवेलच्या रसायन परवाना मंडळात शेजारणीशिवाय पान हलत नसे. कागदोपत्री तिचं नाव ‘साधर्म्य प्रणाली’ असं भारदस्त होतं, पण ते उद्घाटनाच्या कोनशिलेवर आणि वार्षिक अहवालातच राहिलं. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला शेजारीण म्हणत, कारण तिचं काम अगदी शेजारणीचं होतं. आळीत नवीन बिऱ्हाड आलं की हे कोण, कुणापैकी, यांच्या घराण्यात कुणी भांडकुदळ होतं का, याची चार घरं फिरून चौकशी करायची आणि मग ‘माणसं बरी दिसतायत’ असा निर्वाळा द्यायचा.

फरक इतकाच, की ही शेजारीण संगणकातली होती आणि माणसांची नव्हे, रसायनांची चौकशी करायची. २०४३ साल उजाडेपर्यंत वर्षाला चाळीस हजार नवी रसायनं परवान्याच्या दारात उभी राहू लागली होती. त्यातलं एकेक जुन्या पद्धतीने तपासायचं तर पाच वर्षं आणि दोन हजार उंदीर लागायचे. एवढे उंदीर आणायचे कुठून? त्यातच प्राण्यांवरच्या चाचण्यांना कायद्याने बंदी आली आणि प्रश्नच मिटला. मग शेजारीण आली. नव्या रेणूचा आकार बघायचा, कुठला अणू कुठे बसलाय ते मोजायचं, आणि ज्यांच्या चाचण्या पूर्वी झाल्या आहेत अशांपैकी त्याचे सगळ्यात जवळचे शेजारी शोधायचे, ही तिची रीत. शेजारी निरुपद्रवी तर हाही निरुपद्रवी. शंभरातल्या शहाण्णव वेळा तिचं बरोबर यायचं. उरलेल्या चार वेळा चूक झाली हे कळायलाच इतकी वर्षं लागायची, की तोवर विचारणारं कुणी उरत नसे.

वैजयंती ठोंबरे या मंडळात वरिष्ठ मूल्यांकनकार होती. वय सत्तावन्न, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, एक लग्न झालेली मुलगी. शेजारणीने दिलेल्या प्रत्येक निर्वाळ्यावर माणसाची मोहोर लागते असा कायदा होता, आणि ही माणसं म्हणजे वैजयंती आणि तिच्यासारखे अकरा जण. समोरच्या काचेवर अंगठा टेकवायचा, की रसायन बाजारात जायला मोकळं. दिवसाला बारा-पंधरा तरी व्हायची. ‘एमएस्सी होऊन शेवटी अंगठेबहाद्दरच झाले,’ असं ती स्वतःच म्हणायची आणि सगळ्यांआधी हसायची.

त्या मंगळवारी मात्र ती सकाळपासून हसरी होती ती वेगळ्या कारणाने. तिची मुलगी ऋजुता हिचा सकाळी सातलाच फोन आला होता. “आई, कुणाला सांगू नकोस. दिवस राहिलेत.” एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. घाईने ठेवायचं कारण दोघींना ठाऊक होतं. ही चौथी वेळ होती. आधीची तिन्ही तिसऱ्या महिन्यात गेली होती, आणि तिन्ही वेळा डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं: बीजातच गुणसूत्रांची गडबड आहे, कारण सांगता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. वैजयंतीने देव्हाऱ्यासमोर साखर ठेवली आणि ऑफिसला आली.

हजारातल्या एका निर्वाळ्याची माणसाने पार मुळापर्यंत तपासणी करायची असते. कुठला, ते चिठ्ठी टाकावी तसं ठरतं. त्या दिवशी चिठ्ठी वैजयंतीच्या टेबलावर पडली. रसायन होतं व्हेरिलीन घराण्यातलं. हे घराणं मोठं, चार हजार एकशे बारा भावंडांचं. डब्यांची आतली अस्तरं, कागदी कप, दुकानातल्या बिलांचे गुळगुळीत कागद, नळाच्या पाइपांचा लेप, गोळ्यांवरचं चकचकीत आवरण, सगळीकडे त्यांच्यापैकी कुणी ना कुणी. एकावर शंका आली की कारखानदार त्यातला एखादा अणू इकडचा तिकडे करत आणि नवीन नावाने परवाना मागत.

वैजयंती पायरी पायरीने खाली उतरू लागली. या रसायनाला कोण चांगलं म्हणतं? त्याचा शेजारी. त्या शेजाऱ्याला? त्याच्या पलीकडचा. अशा सात पायऱ्या उतरल्यावर तळाशी एकच खरीखुरी, उंदरांवर झालेली चाचणी सापडली. २०११ ते २०१३, सह्यगिरी चाचणी केंद्र, खोपोली. आणि नोंदवहीच्या पिवळ्या पडलेल्या पानावर, किरट्या निळ्या अक्षरात, तंत्रज्ञाची सही: वै. म. गायकर.

ती वैजयंतीच होती. लग्नानंतरही नोकरीत तिचं माहेरचंच नाव होतं.

आधी तिला चक्क अभिमान वाटला. चार हजारांचं हे खटलं आपल्या पंचविशीतल्या हस्ताक्षरावर उभं आहे म्हणजे काय! ऋजुताला दाखवायला म्हणून तिने पानाचा फोटोसुद्धा घेतला. मग सवयीने तिची नजर कोऱ्या गटाच्या रकान्यावर गेली.

कोरा गट म्हणजे ज्या उंदरांना काहीच पाजलेलं नसतं तो गट. कुठल्याही चाचणीचा तोच पाया. रसायन पाजलेले उंदीर आणि कोरे उंदीर यांच्यात जेवढा फरक, तेवढा रसायनाचा दोष. फरक नाही, तर दोष नाही. इथे माद्यांच्या बीजांडकोशातली सदोष बीजं मोजली होती. सप्टेंबर २०११ मध्ये कोऱ्या गटात शंभरात दोन. अगदी जशी असायला हवीत तशी. नोव्हेंबरात मात्र नऊ. डिसेंबरात दहा. मग पुढे दोन वर्षं नऊ-दहा, नऊ-दहा. रसायन पाजलेल्या गटांतही नऊ-दहाच. अहवालाने निष्कर्ष काढला होता: फरक नाही, सबब दोष नाही.

कोऱ्या उंदरांत सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या मध्ये असं काय झालं होतं? अहवाल म्हणत होता, ‘त्या खेपेच्या प्राण्यांचं वैशिष्ट्य’. वैजयंती खुर्चीत मागे टेकली. मध्ये दसरा आला होता.

खंडेनवमीला सह्यगिरीत दरवर्षी यंत्रांची पूजा असे. त्या वर्षी मुंबईहून संचालक नारळ फोडायला येणार म्हणून आठवडाभर नुसती धांदल. वजनकाटे, सूक्ष्मदर्शक, उकळणीची भांडी, सगळं लखलखीत झालं, पण उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पिवळट दिसत होत्या. वैजयंती आणि तिची जोडीदारीण निर्मला पालव, दोघी नव्या, दोघींना काम करून दाखवायची हौस. पिंजरे सौम्य साबणानेच धुवायचे, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. त्या साबणाने डाग जाईनात. मग निर्मलाने संडास-फरशीचं जहाल कॉस्टिक आणलं, गरम पाण्यात कालवलं, आणि दोघींनी तीनशे पिंजरे आणि सहाशे बाटल्या काथ्याने खसाखसा घासल्या. प्लास्टिक चकाकलं. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या पिंजऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ‘गणपतीचं वाहन आहे बाबा, पहिला मान त्याचा,’ म्हणून निर्मलाने उंदरांना पेढ्याचा कण दाखवला तेव्हा संचालकसुद्धा हसले होते.

चार दिवसांनी पिंजरे धुरकट झाले. दुधाळ काचेसारखे. दोघींना वाटलं, जरा जास्तच घासले गेले. नोंदवहीत वैजयंतीने लिहिलं: ‘पिंजरे स्वच्छ केले.’

त्या कडक पारदर्शक प्लास्टिकला कडकपणा यावा म्हणून त्यात व्हेरिलीनच घातलेलं असे; तेव्हा त्याला परवाना लागत नसे. एरवी ते प्लास्टिकात घट्ट बसलेलं, बाहेर यायचं नाही. पण कॉस्टिकने त्याची बांधणी उसवली की ते थेंबाथेंबाने पाण्यात उतरायला लागतं. सहाशे बाटल्यांतून दोन वर्षं ते उतरत राहिलं. ज्यांना मुद्दाम पाजलं त्यांनाही आणि कोऱ्यांनाही, सगळ्यांना सारखंच. कोरा गट कोरा राहिलाच नव्हता. दोष होता, पण तो सगळ्यांतच होता, म्हणून फरक दिसला नाही.

वैजयंतीने हिशोब करायचा नाही असं ठरवलं आणि तरी तो तिच्या मनात झालाच. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची होते तोवर तिच्या जन्मभराची सगळी बीजं तिच्या इवल्या शरीरात तयार झालेली असतात. पुढे ती जी मुलं जन्माला घालणार, त्यांचं अर्धं साहित्य आजीच्या पोटातच घडतं. ऋजुता जन्मली जून २०१२ मध्ये. म्हणजे तिची बीजं घडली त्या हिवाळ्यात, जेव्हा तिची आई रोज सकाळी उघड्या हातांनी ते धुरकट पिंजरे गरम पाण्यात विसळत होती.

तिने अंगठा टेकवला नाही. तशीच उठून डॉ. हळब्यांच्या खोलीत गेली.

डॉ. हळबे मंडळाचे मुख्य मूल्यांकनकार. सज्जन माणूस, आवाज चढवायचा नाही, निवृत्तीला दीड वर्ष. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ठोंबरे मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला इथे विचारतंय कोण?” त्यांनी तिची सगळी हकीकत शेजारणीला वाचून दाखवली. शेजारणीने क्षणभरात उत्तर दिलं: एका व्यक्तीची बत्तीस वर्षांपूर्वीची स्मृती, लेखी आधार नाही. पुराव्याचं वजन हजारात चार.

“हजारात चार तरी आहे,” वैजयंती म्हणाली.

“चाचणी रद्द करायला हजारात सहाशे लागतात. काहीतरी हातात येईल असं आणा मॅडम. कागद, नमुना, फोटो.”

निर्मला पालव आता पेणला असते, हे शोधायला दोन दिवस लागले. सह्यगिरी बंद पडल्यावर ती गणपतीच्या कारखान्यात लागली होती आणि आता मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. वैजयंती गेली तेव्हा ती ओळीने बसलेल्या चाळीस आंधळ्या गणपतींसमोर ब्रश धुवत होती.

“वैजू! अगं, किती वर्षांनी! वाळलीस केवढी!” म्हणत तिने स्टूल पुढे केलं. मग वैजयंतीने सांगितलेलं ऐकत गेली तशी तिची बोटं ब्रशावर थांबली.

“म्हणजे त्या पूजेमुळे?”

“पूजेमुळे नाही गं. कॉस्टिकमुळे.”

“मीच आणलं होतं ते.” निर्मलाने ब्रश बाजूला ठेवला. “मला एकच सांग वैजू, आपण मुद्दाम केलं का?”

“नाही.”

“कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं?”

“नाही गं, बाई.”

“मग देव बघून घेईल. पण तुला पाहिजे ते माझ्याकडे आहे बहुतेक. संचालकांबरोबर काढलेला फोटो मी अजून ठेवलाय, त्यात मी बारीक होते.”

फोटो निघाला. झेंडूच्या माळा, संचालकांच्या हातात नारळ, कडेला वैजयंती आणि निर्मला दात काढून हसतायत. मागे पिंजऱ्यांची रांग: डावीकडचे घासलेले लखलखीत, उजवीकडचे चार राहून गेलेले पिवळट. आणि निर्मलाच्या पायाशी निळा कॅन, त्यावरचं कंपनीचं नाव आणि कवटीचं चिन्हसुद्धा स्पष्ट. मागच्या बाजूला शाईने तारीख. वैजयंतीने फोटो पदराखाली धरला आणि तिला हुंदका आला. आनंदाचा की कसला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

पनवेलला परत जाताना ती मुलीकडे उतरली. सांगावं की नाही, याचा वाटेत दहा वेळा विचार केला आणि दारात गेल्यावर सगळं सांगून टाकलं.

ऋजुताने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “हे तू मला का सांगितलंस?”

“तुला कळायला हवं म्हणून.”

“नाही आई. तुला हलकं वाटावं म्हणून. सांगितलंस, तुझं ओझं उतरलं. मी काय करू त्याचं? त्या तिघांच्या वेळी मी समजत होते की माझं काहीतरी चुकलं. जिने चढले, आंबा खाल्ला, रडले जास्त. आता म्हणतेस की मी जन्मायच्या आधीच सगळं ठरलं होतं.”

“ठरलं होतं असं नाही, राणी. कदाचित. सगळ्यांच्याच शरीरात ते आहे. तुझ्याच बाबतीत त्याच्यामुळेच झालं, असं कुणीही सांगू शकणार नाही. मीसुद्धा नाही.”

“म्हणजे दोषही देता येणार नाही आणि सोडताही येणार नाही.” ऋजुताने दोन्ही हात पोटावर ठेवले. “बरं, आता सांग, मी काय सोडू? अंगठा तूच लावतेस ना सगळ्याला? तुला माहीत असेल.”

वैजयंती सांगायला लागली. डबाबंद काही खाऊ नकोस. कागदी कपातला चहा नको. दुकानातलं बिल हातात घेऊ नकोस. मग तिला लोहाच्या गोळ्या आठवल्या, त्यांच्यावरचं लाल आवरण आठवलं, पण गोळ्या तर घ्यायलाच हव्या होत्या. मग नळाचं पाणी.

“पाणी सोडू?” ऋजुताने विचारलं. तिने ते कुचकटपणे विचारलं नव्हतं, म्हणूनच वैजयंतीला ते सोसवलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोटो मान्य झाला. पुराव्याचं वजन हजारात सातशे दहा. सह्यगिरीची चाचणी रद्द करायचं ठरलं, त्या दुपारी मंडळाचे बाराही मूल्यांकनकार मोठ्या पडद्यासमोर जमले. डॉ. हळब्यांनी कळ दाबली. तळाशी असलेली ती एक हिरवी खूण विझली, आणि तिच्यावर उभी असलेली चार हजार एकशे बारा नावं एकापाठोपाठ लाल होत गेली. कुणीतरी टाळी वाजवली. वैजयंतीला वाटलं, झालं. सुटलो. उद्यापासून कारखाने थांबतील, पोरीचं पाणी स्वच्छ होईल. तिने पदराने डोळे टिपले.

नंतरची अकरा मिनिटं काहीच झालं नाही. मग वरच्या कोपऱ्यात एक नाव हिरवं झालं.

त्याच्याशेजारचं दुसरं. मग दहा, मग शंभर, आणि शेवटी पावसाळ्यात माळरान हिरवं होतं तसा अख्खा पडदा हिरवा झाला.

“हे काय?” वैजयंती ओरडलीच.

डॉ. हळब्यांनी शेजारणीला विचारलं. तिने नेहमीच्या मृदू आवाजात सांगितलं. एखादी चाचणी बाद झाली तर नियमाप्रमाणे त्या रसायनाचा पुढचा सगळ्यात जवळचा शेजारी पाहायचा. पहिल्याला दुसरा चांगला म्हणतो. दुसऱ्याला तिसरा. तिसऱ्याला पहिला. शिवाय हे घराणं तीस वर्षं कोट्यवधी लोकांच्या वापरात आहे आणि त्याच्याविरुद्ध सिद्ध झालेली एकही तक्रार नाही. सबब, धोका नगण्य.

“पण त्या सगळ्यांना परवाना मिळाला तो याच चाचणीवर ना!”

“परवाना मिळाला तेव्हा चाचणी वैध होती,” शेजारीण म्हणाली.

बाकीचे मूल्यांकनकार हळूहळू आपापल्या टेबलांकडे गेले. डॉ. हळबे तिथेच बसून राहिले. “पाया काढून घेतला मॅडम, आणि भिंती एकमेकींना टेकून उभ्याच राहिल्या,” ते म्हणाले.

“मग नवीन चाचणी करू. काचेच्या बशीत, माणसाच्या रक्तातल्या पेशींवर. त्याला तर बंदी नाही.”

“करू. कोऱ्या गटासाठी पेशी कुठून आणाल?”

तो प्रश्न वैजयंतीला सुचलाच नव्हता. व्हेरिलीनचा दोष दाखवायचा, तर ज्यात व्हेरिलीन नाही असं एक तरी रक्त हवं. हिमालयातल्या वस्त्यांतून नमुने मागवले. होतं. अंदमानातून मागवले. होतं. जुन्या रक्तपेढीत १९९८ सालचे गोठवलेले नमुने सापडले तेव्हा दोघं आनंदाने चहा प्यायला गेले. परत येऊन तपासतात तर कुप्यांच्या आतल्या अस्तरातून ते रक्तात उतरलेलं. ज्याच्याशी तुलना करायची असं कोरं काही पृथ्वीवर शिल्लक नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी तीनशे पिंजऱ्यांत झालेली चूक आता सगळ्या जगाची झाली होती, आणि ती ओळखायला पिंजऱ्याबाहेर कुणीच उरलं नव्हतं.

ऋजुताचा तिसरा महिना सरला. चौथा लागला. कुणी काही बोलत नव्हतं, नजर लागू नये म्हणून. पाचव्या महिन्यात तिनेच आईला बोलावून घेतलं.

“तुम्हाला कोरं रक्त हवंय ना? माझं बाळ जन्मेल तेव्हा त्याच्या नाळेतलं घ्या. मी आजपासून काही शिवणार नाही. तू मला स्वच्छ पाणी आणून दे.”

“अगं, तुझं मन नको गुंतवूस त्यात.”

“आई, मला काहीतरी करू दे. नुसती बसले तर वेड लागेल मला.”

मग दर तिसऱ्या दिवशी वैजयंती पेणला जाऊन निर्मलाच्या परसातल्या विहिरीचं पाणी पितळी कळशांतून आणू लागली. निर्मला स्वतः रहाटाने पाणी शेंदून द्यायची. ऋजुता मातीच्या भांड्यात शिजवलेलं खायची, जुन्या सुती साड्या नेसायची, बाहेर पडायची नाही. तिचा नवरा निहार डबे, बाटल्या, कप सगळं घराबाहेर काढून बसला. लोकांना ते खूळ वाटलं. पण कॉस्टिकची हकीकत ऐकल्यापासून आई-मुलीत तुटलेलं बोलणं त्या चार महिन्यांत पाण्याच्या निमित्ताने पुन्हा सुरू झालं. वैजयंतीला कधीकधी वाटायचं, बाकी काही नाही तरी एवढं मिळालं.

सप्टेंबरात मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम, डोकं भरून जावळ, आणि रडणं असं की शेजारच्या खोलीतलं बाळ जागं झालं. वैजयंतीने तिला हातात घेतलं आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं रडून घेतलं. नाळेतलं रक्त डॉ. हळब्यांनी स्वतः काचेच्या कुपीत घेतलं आणि लाखेने बंद केलं. तीन वेळा तपासलं.

सतरा प्रकारची व्हेरिलिनं निघाली. विहिरीच्या पाण्याचा काही दोष नव्हता. ऋजुताच्या शरीरात एकतीस वर्षं साठलेलं ते बाळाकडे उतरलं होतं.

दोन दिवसांनी वैजयंती कामावर गेली. पडद्यावर पहिलंच प्रकरण उघडलं आणि तिला क्षणभर उमगेना. शेजारीण काही वाया घालवत नाही. कोऱ्या गटासाठी नापास झालेला नमुना तिने दुसऱ्या कामाला घेतला होता. ‘गर्भावस्थेत सतरा व्हेरिलिनांशी संपर्क. अर्भक: मुलगी. प्रकृती: निरोगी. निष्कर्ष: निर्धोकतेचा आणखी एक पुरावा. मानवी मोहोर आवश्यक.’

आणि तिचं काय खोटं होतं? मुलगी निरोगीच होती. तिच्या इवल्याशा बीजांडकोशातली बीजं कशी आहेत ते तीस वर्षांनी, ती आई व्हायला निघेल तेव्हा कळणार होतं. शेजारणीला तीस वर्षं थांबायची सवय नव्हती.

वैजयंतीने तिला सांगितलं, याच आईचे आधीचे तीन गर्भ गेले, त्यांची नोंद कर. उत्तर आलं: जन्म नाही, नोंद नाही.

मग तिने ‘नाकारा’ या खुणेवर बोट ठेवलं. कारण निवडायला तीन ओळी उमटल्या. ‘नमुना सदोष.’ डॉ. हळब्यांच्या लाखेचा, तीन वेळा तपासलेला नमुना सदोष म्हणायचा तरी कसा? ‘अर्भक दगावले.’ तिने झटकन डोळे मिटून घेतले. ‘अर्भकात दोष.’

बोट त्या ओळीवर नेलं असतं तर काम झालं असतं. चार हजारांच्या त्या हिरव्या माळरानात एक लाल ठिपका उमटला असता, कदाचित पुढची चौकशी लागली असती. कदाचित दुसऱ्या कुणाच्या लेकी वाचल्या असत्या. ती अर्धा तास बसून राहिली. चार दिवसांची पोर, अजून बारसं व्हायचंय, आणि तिच्या नावापुढे आपल्या हाताने दोष आहे असं लिहायचं? एकदा लिहिलं की ते कधी पुसायचं नाही. जीभ रेटेना तिथे बोट काय रेटणार! तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि राग आला तरी बोट हललं नाही.

तिने अंगठा टेकवला.

संध्याकाळी हळिवाचे लाडू घेऊन ती ऋजुताकडे गेली. बाळ नुकतंच झोपलं होतं.

“रक्ताचं काय झालं गं पुढे?” ऋजुताने हळूच विचारलं.

“कोरं नाही निघालं, ते तुला माहीतच आहे.”

“मग फेकून दिलं?”

“नाही. नोंदवून घेतलं. निरोगी म्हणून. तिला काही झालं नाही, म्हणजे ते निर्धोक आहे, असं.”

ऋजुताने हातातला लाडू खाली ठेवला. “असं कुणी लिहिलं?”

“मी,” वैजयंती म्हणाली.